दार बंद, सरासरी चारशे मीटर

माणूस धावतो याची आजवर दोनच कारणं माहीत होती. एक, त्याच्या मागे काहीतरी लागलेलं असतं; दोन, पुढचं काहीतरी सुटणार असतं. तिसरं कारण अलीकडे उजेडात आलं आहे, ते म्हणजे त्याने नाव नोंदवलेलं असतं. पहिल्या दोन प्रकारांत संकट टळल्यावर किंवा गाडी सुटल्यावर माणूस थांबतो. तिसऱ्यात थांबायची सोय नाही, कारण एकदा केलेली नोंदणी रद्द होत नाही (नियम क्रमांक सात).

लिफ्टसाहेबांनी नियम क्रमांक सात दोनदा वाचला आणि मगच नाव नोंदवलं. नियम असलेल्या गोष्टींबद्दल त्यांना पहिल्यापासून आपुलकी होती. शहराच्या पूर्व भागातल्या दोनशे चौदा लिफ्ट माणसं वाहायला लायक आहेत की नाहीत हे ठरवायचा अधिकार सरकारने त्यांना दिला होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावर एकही फाईल आठवड्याहून जास्त राहिली नव्हती. याबद्दल एकोणीस वर्षांत त्यांना कुणी "वा" म्हटलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर बॉयलर तपासणारे निरीक्षक बसत. कार्यालयात त्यांना बॉयलरवाला म्हणत. गेल्या वर्षी हा गृहस्थ डोंगरातली बेचाळीस किलोमीटरची शर्यत पळून आला आणि मिळालेलं पदक त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर टांगलं. पदकामुळे पडद्याचा डावा कोपरा झाकला गेला आणि त्या कोपऱ्यातली कामं मागे पडली. पण तक्रार कोण करणार? माणूस बेचाळीस किलोमीटर पळालेला होता. वरचे साहेब जाता येता त्याच्या पोटऱ्यांकडे आदराने पाहायचे. लिफ्टसाहेबांनी हे महिनाभर पाहिलं आणि बावन्न किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं.

शर्यत जंगलातून आणि डोंगरातून होती. एकूण चढ चोवीसशे मीटर, मुदत बारा तास, तयारीसाठी सोळा आठवडे. तयारीचा तक्ता आयोजकांनीच पाठवला. त्यात आठवड्याला अकरा तास सराव सांगितला होता आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "काम व कुटुंब सांभाळून." हे कसं करायचं ते मात्र लिहिलं नव्हतं. कदाचित तेवढी जागा उरली नसावी.

पण सरकारी माणसाला कमी जागेत जास्त कारभार बसवायची सवय असते. लिफ्टसाहेबांनी आधी पाहणी केली. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यातून झोप, कार्यालय, प्रवास, आंघोळ आणि जेवण वजा जाता पन्नास तास उरतात. हे पन्नास तास घरात नेमके कुठे गळतात ते त्यांनी एक आठवडा वहीत टिपलं. घरच्यांचं बोलणं ऐकणे, अकरा तास. "काय म्हणालीस?" असं विचारून तेच पुन्हा ऐकणे, चार तास. फ्रिज उघडून आत बघत उभं राहणे, एक तास वीस मिनिटं. मुलीच्या आठवीच्या गणिताशेजारी बसणे, सहा तास (पैकी गणित समजण्यात गेलेला वेळ, सव्वापाच तास). वडिलांच्या नोकरीतल्या हकिकती, पाच तास (पैकी नवी माहिती, नऊ मिनिटं).

आकडे पाहून ते स्वतःच थक्क झाले. इतकी वर्षं घरात एवढी गळती चालू होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं!

दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. तक्त्यात चार रंग होते. लाल म्हणजे सराव, निळा म्हणजे कार्यालय, राखाडी म्हणजे झोप आणि फिकट पिवळा म्हणजे कुटुंब. पिवळ्या रंगासमोर कंसात "सक्रिय विश्रांती" असं लिहिलेलं होतं. लिफ्टसाहेबांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांच्या रक्तात काय कमी आणि काय जास्त आहे ते पाहायचं, हे तिचं काम. तिने तक्ता लॅबच्या नजरेने वाचला.

"अरे, आम्ही विश्रांती का?"

"सक्रिय," लिफ्टसाहेब म्हणाले. "नुसती नाही."

ती पुढे काही बोलली नाही. लिफ्टसाहेबांच्या हिशेबाने ही अडीच मिनिटांची बचत होती.

एक अडचण राहिली. शहर तव्यासारखं सपाट होतं. त्यातली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे रेल्वेवरचा पूल, आणि त्यावर पायी जायला बंदी होती. चोवीसशे मीटर चढ आणायचा कुठून? तेव्हा लिफ्टसाहेबांच्या ध्यानात आलं की आपण रोज ज्या इमारतींत जातो त्या सगळ्या उंच आहेत. फक्त आजवर आपण त्यांत चुकीच्या मार्गाने वर जात होतो.

नियम असा होता की तपासणीच्या वेळी निरीक्षकाने स्वतः लिफ्टमध्ये उभं राहून तळापासून माथ्यापर्यंत तीन फेऱ्या कराव्यात. लिफ्टसाहेबांनी या नियमाचा आत्मा ओळखला. फेऱ्या महत्त्वाच्या, त्या कुणी कशातून करायच्या हा तपशील झाला. ते लिफ्टमध्ये वॉचमनला उभं करत आणि स्वतः जिन्याने वर पळत. माथ्यावर लिफ्ट त्यांच्या आधी पोचली तर शेरा "समाधानकारक". ते लिफ्टच्या आधी पोचले तर शेरा "अत्यंत समाधानकारक". तीन आठवड्यांत त्यांनी एकसष्ट लिफ्ट तपासल्या, एकही नापास झाली नाही आणि तक्रारींचं प्रमाण शून्यावर आलं (जे अडकतात त्यांना आत पत्र लिहायची सोय नसते). वरच्या साहेबांनी प्रथमच त्यांच्या पोटऱ्यांकडे पाहिलं.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना चौथ्या आठवड्यात आप्पा पडले.

आप्पा म्हणजे लिफ्टसाहेबांचे वडील, वय पंच्याहत्तर. निवृत्त मीटर रीडर. तेहेतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. रोजचे सोळा सतरा किलोमीटर आणि दिवसाला शंभरेक जिने ते चढत. शेवटी त्यांना निरोपाचं पत्र मिळालं, ते घडी घालून कपाटात ठेवलेलं होतं. पदकाची पद्धत तेव्हा नव्हती. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट चालू रीडिंग वजा मागचं रीडिंग अशीच दिसायची. मुलाचं नवं घड्याळ त्यांनी हातात धरून नीट वाचलं होतं आणि म्हणाले होते, "फिरतंय जोरात. पण लोड कसला आहे यावर?"

त्यांच्या खात्याची एक रीत होती. रीडर घरी गेला आणि दार बंद असलं तर मीटर वाचता येत नाही. मग काय, शून्य लिहायचं? शून्य कधीच लिहायचं नाही. घर आहे, माणसं आहेत, आत दिवा लागतच असणार. म्हणून वहीत "दा.बं." असं लिहायचं, म्हणजे दार बंद, आणि आधीच्या महिन्यांवरून सरासरी धरायची. आप्पा म्हणत, "दार बंद म्हणजे माणूस नाही असं नव्हे. फक्त आपली भेट नाही." ही हकिकत लिफ्टसाहेबांनी चाळीसेक वेळा ऐकली होती. वर सांगितलेल्या पाच तासांत ती होतीच.

तर आप्पा दिव्याचा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि तिथून खाली आले. खुब्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी लिफ्टसाहेबांना समोर उभं करून सांगितलं, "औषधं राहिली तर एक वेळ चालेल, पण चालणं राहून चालायचं नाही. रोज चारशे मीटर, सपाट रस्त्यावर, शेजारी कुणीतरी हवंच. बारा आठवडे. यांच्या वयात खुबा एकदा आखडला की मग नाही सुटत. मग खुर्ची." आणि त्यांनी धरायचं कसं तेही करून दाखवलं: हात कोपराखाली, आपण अर्धं पाऊल मागे, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, त्यांच्या गतीने जायचं.

चारशे मीटर हा आकडा आप्पांना फार आवडला. घरापासून कोपऱ्यावरचं सलून दोनशे मीटरवर होतं. तिथे सकाळी त्यांच्या वयाचे तिघेजण दाढी करून घ्यायच्या निमित्ताने तासभर पेपर वाचत आणि एकमेकांच्या चुका काढत. चौथी खुर्ची आप्पांची होती. जाऊन येऊन बरोबर चारशे. "मला काही डोंगर नकोत," ते म्हणाले. "मला सलूनपर्यंत पोचवा म्हणजे झालं."

लिफ्टसाहेबांना तर हा योगच वाटला. शर्यतीला उरलेले आठवडे बारा, आप्पांचे आठवडे बारा. वडिलांवर त्यांचा जीव होता, यात शंका नको. ऑपरेशनच्या रात्री ते दवाखान्याच्या बाकावर बसून रडले होते. त्यांनी त्याच दिवशी तक्त्यात आप्पांना जागा करून दिली. सकाळी सात, बारा मिनिटं, रंग पिवळा.

पहिल्या दिवशी दोघं लिफ्टने खाली उतरले आणि चालू लागले. दीडशे मीटरवर मनगटातून आवाज आला. घड्याळ विचारत होतं, "व्यायाम संपला का?" लिफ्टसाहेबांनी "नाही" दाबलं. सलूनच्या दारात घड्याळाने पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच बंद झालं. परत येईस्तोवर आठवड्याची सरासरी गती किलोमीटरला सात मिनिटांवरून पावणेआठवर घसरली होती आणि पडद्यावर अक्षरं आली होती, "सद्यस्थिती: अनुत्पादक."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याबद्दल हा शब्द कुणी वापरला नव्हता. तो त्यांना दिवसभर बोचत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ घरी काढून ठेवलं, पण मग घड्याळाच्या दृष्टीने ते बारा मिनिटं मेलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक तोडगा काढला: आप्पांना सलूनकडे तोंड करून चालू द्यायचं आणि आपण त्यांच्याभोवती गोल पळायचं. आप्पांना घेरी आली. चौथ्या दिवसापासून हे काम बायको आणि मुलगी यांच्याकडे वर्ग करण्यात आलं. बायको लॅबला जायच्या आधी त्यांना सोडायची, सुट्टीच्या दिवशी मुलगी. दोन आठवडे आप्पा सलूनपर्यंत पोचत होते आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू सुधारत होता.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी लिफ्टसाहेबांच्या स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टच्या प्रमाणपत्राची मुदत संपली.

इथे वाचकाने नियम समजून घ्यावा, कारण सगळं नियमाप्रमाणेच झालं. ज्या इमारतीत निरीक्षक राहतो तिथली लिफ्ट त्याने तपासायची नाही. दुसऱ्या विभागाच्या निरीक्षकाला चार ओळींचं पत्र लिहून ते काम सोपवायचं. पत्र लिहायला लागणारा वेळ सहा मिनिटं. पण कार्यालयातली शेवटची सहा मिनिटं त्या आठवड्यापासून बूट बांधण्यात जाऊ लागली होती. पत्र उद्यावर गेलं. आणि मुदत संपलेली लिफ्ट एक दिवसही चालू ठेवणं गुन्हा असल्यामुळे लिफ्टसाहेबांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीनिशी, स्वतःच्या इमारतीत फलक लावला, "वापरास बंद." आपल्या घरालाही सूट न देणारा अधिकारी शहरात दुसरा नव्हता. हे त्यांनी बायकोला सांगितलंही.

"चार ओळी आहेत," बायको म्हणाली. "मी लिहून देऊ? तू नुसती सही कर."

"असं कसं? ते सरकारी पत्र आहे."

"मग तू लिही ना. आप्पा चौथ्या मजल्यावर अडकलेत."

"अगं, शर्यत झाली की पहिलं तेच काम."

बायकोने कार्यालयाकडे रीतसर लेखी तक्रार केली. तक्रार रीतसर नोंदवली गेली आणि त्या भागाच्या निरीक्षकाकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आली. लिफ्टसाहेबांना अक्षर ओळखीचं वाटलं, पण कामात नातं आणायचं नाही हा त्यांचा बाणा होता. त्यांनी अभिप्राय लिहिला, "पाहिले. लिफ्ट नियमानुसार बंद आहे." तक्रार निकाली निघाली. लागलेला वेळ, सात मिनिटं.

शेजारच्या दोघांना बोलावून आप्पांना खुर्चीवर बसवून खाली नेण्याचा एक प्रयत्न झाला. दुसऱ्या मजल्यापर्यंतही न जाता आप्पांनी सगळ्यांना परत फिरवलं. "मी काय फ्रिज आहे?" ते म्हणाले. मुलीने घरातल्या घरात मोजलं: हॉल ते स्वयंपाकघर साडेसहा मीटर, म्हणजे बासष्ट खेपा. पण दर खेपेला वळावं लागायचं आणि वळताना खुब्यातून कळ यायची. आठ दिवसांनी आप्पांनी तो नाद सोडला. वहीत मात्र ते रोज काहीतरी लिहीत. त्यांची लांबट, निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही होती, खात्यातून उरलेली.

लिफ्टच्या बंदीतून एक अनपेक्षित लाभ झाला, तोही सांगितला पाहिजे. इमारत नऊ मजल्यांची. लिफ्ट बंद पडल्यामुळे तिचा जिना हा आता शहरातला एक मान्यताप्राप्त चढ होता. तळापासून गच्चीपर्यंत चाळीस फेऱ्या म्हणजे अकराशे मीटर. दर रविवारी पाठीवर पिशवी, पिशवीत उकडलेले बटाटे आणि मीठ, असे लिफ्टसाहेब जिन्यात उतरत. एका फेरीत चौथ्या मजल्यावरून दोनदा जावं लागतं. म्हणजे एका रविवारी ते स्वतःच्या घरावरून ऐंशी वेळा गेले.

दार उघडं असायचं. दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, आप्पा खुर्चीत बसलेले असत. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात बूट. कुणी विचारलं तर म्हणत, "असू देत. जायचं झालंच तर पुन्हा बांधत बसायला नको."

लिफ्टसाहेब वर जाताना ओरडत, "आप्पा, एकोणीस!"

आप्पा आतून म्हणत, "एकोणीस नाही, अठरा. मी मोजतोय."

खाली येताना, "आप्पा, पाणी घेतलंत का?"

"घेतलं. तू थांबतोस का जरा?"

याचं उत्तर तिसऱ्या मजल्यावरून यायचं. "घड्याळ चालू आहे!"

असे नऊ रविवार गेले. थांबलं असतं तर काय बिघडलं असतं असा प्रश्न एखाद्या अननुभवी माणसाला पडेल. त्याने हे लक्षात घ्यावं की थांबल्यावर नाडी उतरते, नाडी उतरली की फेरी धरत नाहीत, आणि चाळीसऐवजी एकोणचाळीस झाल्या तर डोंगरात काय तोंड दाखवायचं?

शर्यतीच्या दिवशी लिफ्टसाहेब पहाटे तीनशे अठ्ठ्याण्णव लोकांबरोबर जंगलात शिरले. पहिले चाळीस किलोमीटर सांगण्यासारखे नाहीत. माणूस पाय टाकत राहतो आणि आपण हे कुणाच्या सांगण्यावरून करतोय ते आठवत राहतो. एकेचाळीसाव्या किलोमीटरला वाटेच्या कडेला एक अनोळखी गृहस्थ दगडावर बसलेले दिसले. पाय मुरगळला होता. मदतकेंद्र चारशे मीटरवर होतं.

लिफ्टसाहेब थांबले. क्षणाचाही विचार न करता त्यांनी त्या गृहस्थांच्या कोपराखाली हात घातला आणि अर्धं पाऊल मागे राहून, न ओढता, न ढकलता, त्यांच्या गतीने चालू लागले. माणूस एकदा शिकलेलं विसरत नाही. चारशे मीटरला बरोबर बारा मिनिटं लागली. घड्याळाने विचारलं, "व्यायाम संपला का?" त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. एका स्वयंसेवकाने हे सगळं मोबाईलवर टिपलं.

त्यांनी शर्यत अकरा तास सत्तेचाळीस मिनिटांत पूर्ण केली. पदक तर मिळालंच, शिवाय त्यांना मंचावर बोलावून माणुसकीचा विशेष सन्मान देण्यात आला. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला तेव्हा लिफ्टसाहेबांनी माईक हातात घेतला. "वेळ काय, पुन्हा भरून काढता येतो," ते म्हणाले. "बरोबरचा माणूस मागे राहता कामा नये." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बॉयलरवाल्याला असला सन्मान मिळालेला नव्हता.

घरी बायकोने तो व्हिडिओ आप्पांना दाखवला. आप्पांनी तो दोनदा पाहिला. "धरतो चांगलं," ते म्हणाले. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

रविवारी संध्याकाळी पदक घालून लिफ्टसाहेब इमारतीच्या दारात आले आणि त्यांना जिना दिसला. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. चौथा मजला गाठायला त्यांना एक तास दहा मिनिटं लागली, त्यातला शेवटचा मजला त्यांनी बसून, पाठमोरं चढून पूर्ण केला. सोमवारी सकाळी त्यांनी अंथरुणातूनच चार ओळींचं पत्र लिहिलं. सहा मिनिटं लागली. मंगळवारी दुसऱ्या विभागाचा निरीक्षक आला, आणि लिफ्ट सुरू झाली. इमारतीतल्या लोकांनी लिफ्टसाहेबांचे आभार मानले. शासनाने मनात आणलं तर ते किती झटपट काम करतं, याचं ते उदाहरण होतं.

बुधवारी बारा आठवडे पुरे झाले म्हणून आप्पांना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. दोघंही लंगडत गेले, एकाच लिफ्टने. बाईंनी खुबा वाकवून पाहिला, पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजोबा, चालत होतात ना रोज?"

"चालत होतो," आप्पा म्हणाले. "मुलगा असायचा बरोबर." आणि त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही पुढे केली.

बाईंनी पानं उलटली. चौऱ्याऐंशी दिवस, चौऱ्याऐंशी नोंदी, प्रत्येक ओळीत सुबक अक्षरात चारशे मीटर. पहिल्या चौदा ओळींपुढे मुलगा, सून, नात असं लिहिलेलं होतं. पुढच्या सत्तर ओळींपुढे दोनच अक्षरं होती, दा.बं.

"एवढं चाललेल्या माणसाचा खुबा असा आखडत नाही हो," बाई म्हणाल्या. "मला कळतच नाहीये. आता बाहेर जायचं तर खुर्चीच. घरात वॉकर." मग त्यांनी विचारलं, "आणि हे दा.बं. काय आहे?"

लिफ्टसाहेबांनी ती अक्षरं पाहिली होती. खोलीत त्यांचा अर्थ ठाऊक असलेली माणसं दोनच होती.

"आमच्या खात्याची खूण आहे," आप्पा म्हणाले. "तुमच्या कामाची नाही."

लिफ्टमधून वर येताना दोघंच होते. लिफ्टसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं आणि चौथा मजला यायला सतरा सेकंद लागतात हे त्यांना अधिकाराने माहीत होतं. दहाव्या सेकंदाला त्यांनी विचारलं, "आप्पा, सरासरी कुठून काढलीत?"

"मागच्या रीडिंगवरून. तू पहिलीत होतास. शाळा चारशे मीटरवर होती. कामावर जायच्या आधी तुला रोज सोडायचो, तुझ्या गतीने." आप्पांनी थोडा दम घेतला. "तीच धरली."

दार उघडलं. लिफ्टसाहेब आत जाऊन पलंगावर बसले आणि पदक गळ्यात असतानाच रडले. मग घड्याळ वाजलं. शर्यतीनंतरच्या विश्रांतीचा कार्यक्रम आला होता: "पुढील बारा आठवडे रोज चारशे मीटर, सपाट रस्त्यावर, अगदी सावकाश चाला. सोबत कुणी असल्यास उत्तम."

ते ताडकन उठले (म्हणजे चार मिनिटांत) आणि बाहेर येऊन म्हणाले, "चला आप्पा, सलूनपर्यंत जाऊन येऊ."

आप्पांनी बूट काढून ठेवले होते. ते मांडणीवर, पदकासाठी ठोकलेल्या खिळ्याच्या बरोबर खाली होते.

ही गोष्ट वाचायला सर्वसाधारण वाचकाला बारा मिनिटं लागतात (सरासरी धरली आहे). एवढ्या वेळात घरापासून दोनशे मीटर जाऊन परत येता येतं, हे वर सिद्ध झालेलंच आहे. दरम्यान शेजारच्या खोलीतून तुम्हाला कुणीतरी दोनदा हाक मारली आणि तुम्ही मान वर न करता "हं, एवढं संपवतो" म्हणालात. हरकत नाही. तिकडे शून्य लिहायची पद्धत नाही. तुमच्या नावापुढे मागची सरासरी धरलेली आहे, फक्त ती मागची किती मागची, हे एकदा जाऊन विचारा.